येवल्यात बघण्यासारखं काय आहे

नाशकात पंचवटीला उतरलात की रिक्षावाले घेरतात. 'नाशिक दर्शन, नाशिक दर्शन.' त्यांची यादी तोंडपाठ. रामकुंड, काळाराम, सीतागुंफा, तपोवन, मुक्तिधाम, पांडवलेणी. वर पैसे टाकले तर त्र्यंबक आणि अंजनेरी. भाव पॉईंटवर. सहा पॉईंटचे इतके, आठ पॉईंटचे तितके. आमच्याकडं गोदीत गोणीवर भाव ठरतो, इथं देवावर.

गेल्या पावसाळ्यात सलग दोन सुट्ट्या पडल्या. टोळीतल्या तिघांना घेऊन मी नाशकाला गेलो. मी मुंबईच्या गोदीत, ठेकेदाराकडं. दहावीपुढं शाळा नाही. कविता करतो म्हणून टोळीवाले मला 'मास्तर' म्हणतात, त्यात अर्धी मस्करी. दोघं बिहारचे, एक ओरिसाचा. गोणी चढवता चढवता मी त्यांना नाशिकच्या इतक्या गप्पा मारल्या होत्या की ते म्हणाले, चल, दाखव तुझा जिल्हा. दाखवायला निघालो आणि माझ्या ध्यानात आलं, दाखवणारा मी नाहीच. रिक्षावाला दाखवतोय. आणि रिक्षावालाही नाही, त्याच्या तोंडातली यादी दाखवतेय. ही यादी केली कुणी?

काळारामापाशी रिक्षा थांबली. माणूस चांगला होता, त्यानं आम्हाला चहा पाजला. देवळाचा काळा दगड रामशेजच्या डोंगरातला, हे सांगितलं. पेशवाईत सरदार ओढेकरांनी बांधलं, हे सांगितलं. राम वनवासात इथं राहिला, हे सांगितलं. चपला कुठं काढायच्या ते सांगितलं. वीस मिनिटं दिली.

२ मार्च १९३० सांगितलं नाही. त्या दिवशी याच देवळाकडं आपल्या माणसांची मैलभर लांब मिरवणूक आली होती. पुढं बाबासाहेब, दादासाहेब गायकवाड, अमृतराव रणखांबे. आणि देवळाचे सगळे दरवाजे बंद. मग ९ एप्रिलला रथ दोघांनी मिळून ओढायचा ठरला, आणि ऐन वेळी ज्यांनी कबूल केलं त्यांनीच रथ पळवला. दगड पडले. माणसं रक्तबंबाळ झाली. पुढं कितीतरी महिने देव आत आणि कुलूप बाहेर, आपल्या लोकांनी आत येऊ नये म्हणून त्यांनी स्वतःलाही दर्शन बंद करून घेतलं. असा द्वेष. म्हणजे देवापेक्षा मोठा.

हे सगळं मी पायरीवर बसून टोळीवाल्यांना मोडक्या हिंदीत सांगितलं. बिहारच्या एकाच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, जयभीम म्हणतो तो. पण ही गोष्ट त्याला कुणी सांगितली नव्हती. त्यानं वळून दरवाज्याकडं बघितलं. येणारेजाणारे घंटा वाजवत होते, एक पोरगा मोबाईलवर फोटो काढत होता. 'ये वाला दरवाजा? बंद था?' म्हणाला. म्हटलं, हो, हेच. मग तो आत गेलाच नाही. मी त्याला जाऊ नको म्हटलं नव्हतं. १९४७ च्या कायद्यानं आता कुणीही जाऊ शकतो. त्यालाच जावंसं वाटलं नाही. वीस मिनिटं आम्ही दोघं बाहेर बसून शेंगदाणे खाल्ले.

सीतागुंफा बारीक आहे, वाकून जावं लागतं, रांग लांब. मुक्तिधाम संगमरवरी आहे. त्यावर मला लिहायचं नाही.

लेण्यांवर लिहायचंय. रिक्षावाला म्हणतो पांडवलेणी, बोर्डावर पांडवलेणी, एसटीच्या कंडक्टरच्या तोंडी पांडवलेणी. चोवीस लेणी आहेत, भिक्खूंची. डोंगराचं नाव त्रिरश्मी, ते तिथल्या लेखांतच कोरलेलं आहे. पांडवांनी ही लेणी कोरली असं एकही लेख म्हणत नाही. गौतमी बलश्रीच्या लेखात भीम-अर्जुनांची नावं येतात, पण ती तिचा पोरगा गौतमीपुत्र सातकर्णी किती शूर होता ते सांगायला, उपमा म्हणून. तेवढ्यावरून डोंगर पांडवांचा होत नाही. माझ्या गोणीवर ठेकेदाराचा शिक्का आहे म्हणून ती गोणी ठेकेदारानं उचलली असं होतं काय?

आणि सांगण्यासारखं तर तिथं भिंतीवरच लिहिलंय. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यानं लेणं दिलं आणि वर तीन हजार कहापण दिले. ते पैसे त्यानं भिक्खूंच्या हातात दिले नाहीत. गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींत ठेवले. श्रेणी म्हणजे कारागिरांची संघटना, आपल्या भाषेत युनियन आणि पतपेढी एकात. एका श्रेणीत दोन हजार, महिना शेकडा एक व्याजानं. दुसरीत एक हजार, शेकडा पाऊण. मुद्दल परत मागायचं नाही, व्याजच वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कहापण. हिशेब करून बघा. महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्खू गुणिले बारा, दोनशे चाळीस. दोन हजार वर्षांपूर्वीचा हिशेब आणि पैशाचा फरक नाही. आमच्या ठेकेदाराचा मागच्या महिन्याचा हिशेब अजून लागत नाही.

कष्टकऱ्यांच्या संघटनेवर राजघराणं भरवसा ठेवतं, आणि विणकराच्या हातमागावर भिक्खूचं चीवर चालतं. हे नाशकातलं सगळ्यात भारी बघण्यासारखं आहे. चढायला दोनशे-एक पायऱ्या. पण बघायचं कसं? वर जाणारा पोरगा पांडव शोधत जातो आणि बुद्धाच्या मूर्तीकडं बघून म्हणतो, हा धर्मराज.

संध्याकाळच्या गाडीनं दोघं मुंबईला गेले. बिहारी दोस्त म्हणाला, ये जो दरवाजा बंद था, फिर क्या हुआ? म्हटलं, त्याचं उत्तर नाशकात नाही, येवल्यात आहे. चल.

नाशिक ते येवला ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. निफाडपर्यंत द्राक्षांचे मांडव, हिरवंगार. विंचूर गेलं की रान उघडं पडायला लागतं. येवला म्हणजे पालखेडच्या कालव्याचं टेल. पाणी तिथं पोचेपर्यंत वर सगळ्यांचं पिऊन झालेलं असतं. ज्यांचा नंबर शेवटचा त्यांचा भाग. विंचूर चौफुलीवर उतरलो, तर सगळीकडं एकच शब्द: पैठणी. पैठणी, अस्सल पैठणी, येवला पैठणी.

येवल्याची म्हणूनही एक यादी आहे. पैठणी पहिली. मग तात्या टोपे, त्यांचा जन्म इथला, १८१४ चा. संक्रांतीचे पतंग: भोगी, संक्रांत, कर असे तीन दिवस अख्खं गाव धाब्यावर, हातात आसारी आणि खाली हलकडी वाजतेय. ते मात्र खरंच बघावं, त्यात जात दिसत नाही, निदान तीन दिवस. नवरात्रात कोटमगावची जगदंबा. मग आजूबाजूला ममदापूरची काळवीटं. निफाडकडं नांदूर मध्यमेश्वरची पाखरं. २०२० मध्ये ते पाणथळ रामसर यादीत गेलं, महाराष्ट्रातलं पहिलंच. पाखरांचा मला हेवा नाही. एवढंच म्हणतो की बंधाऱ्यात साचलेल्या गाळाची नोंद जगाच्या यादीत होऊ शकते.

पैठणी आम्ही बघितली. एका विणकराच्या घरात गेलो. दोघंही हमाल, त्यामुळं साडी नंतर दिसली, आधी पाठ दिसली. पाय खड्ड्यात सोडून माणूस बसलेला, मान खाली, एकेका रंगाची बारीक कांडी हातानं धाग्यात सरकवतोय. पदरावर मोर होत होता. एका साडीला महिना, नक्षी भरगच्च असेल तर कितीतरी महिने. पुण्याच्या दोन बायका होत्या, त्यांनी विचारलं, 'ही केवढ्याला?' माझ्या दोस्तानं विचारलं, 'भैया, दिन का कितना पड़ता है?' विणकर हसला. म्हणाला, असं पहिल्यांदाच कुणी विचारलं. त्यानं आकडा सांगितला. तो मी इथं लिहीत नाही, त्याचं दुकानदाराशी वाकडं व्हायला नको. पण गोवर्धनच्या श्रेणीतला विणकर आणि हा विणकर यांच्यात संघटनेचा फरक आहे, एवढं समजून घ्या.

मग मुक्तिभूमी.

स्तूप आहे. बुद्धाची मूर्ती आहे, बाबासाहेबांचा पुतळा आहे. जागा स्वच्छ. दोन कुटुंबं फोटो काढत होती, एक म्हातारा सावलीला बसला होता. बाकी शांत. १३ ऑक्टोबरला इथं पाय ठेवायला जागा नसते. पंचशील, सलामी, स्टेजवर गटागटांचे पुढारी, प्रत्येकाचं वेगळं स्टेज, प्रत्येकाचा वेगळा बाबासाहेब. पुस्तकांचे स्टॉल चांगले असतात. १४ तारखेला सगळा कागद आणि पत्रावळी वाऱ्यावर. आणि मग वर्षभर हे असं.

दोस्तानं विचारलं, 'बाबासाहेब किधर खड़े थे?' मला बोट दाखवता आलं नाही. मी इथं लहानपणापासून येतोय, आणि मला दाखवता आलं नाही. म्हणून मी त्याला माझ्याकडं होतं ते सांगितलं.

आमच्या आजीचा बाप नांदगाव तालुक्यातल्या आमच्या गावातनं इथं आला होता. चालत. रेल्वेच्या रुळाच्या कडंनं मनमाड, मनमाडवरनं अनकाईच्या पायथ्याला मुक्काम, दुसऱ्या दिवशी येवला. बरोबर गावातले सहा जण. अनकाई-टनकाई हा जोडकिल्ला आता ट्रेकिंगवाल्यांच्या यादीत आहे. टनकाईवर जैन लेणी आहेत, सुंदर, वर अगस्ती ऋषीचं ठाणं आहे, १८१८ ला इंग्रजांनी किल्ला घेतला, सगळं बोर्डावर मिळेल. त्याच्या पायथ्याला १९३५ च्या ऑक्टोबरात किती माणसं भाकरी सोडून बसली होती, त्याचा बोर्ड नाही.

मुंबई इलाखा दलित वर्ग परिषद. दहा हजारांच्या आसपास माणूस. आजीनं बापाच्या तोंडून ऐकलेलं असं: 'मागं बसल्यालांना काय बी ऐकू येईना. म्हनून म्होरचा मागच्याला सांगायचा, त्यो त्याच्या मागच्याला. आमच्यापत्तूर येईस्तवर साहेब पुढलं बोलत असायचे.' असं हातोहात, आम्ही गोणी देतो तसं, ते वाक्य मागं आलं. हिंदू म्हणून जन्मलो त्याला इलाज नव्हता, पण हिंदू म्हणून मरणार नाही. आणि दुसरं आलं, नाशिकचा सत्याग्रह बंद. पाच वर्षं दार उघडा म्हणून मार खाल्ला, आता ते दार ठेवा तुमच्यापाशी.

आजीचा बाप घरी परतला. आजीच्या आईनं विचारलं, मग आता आपन कोन? त्याला माहीत नव्हतं. बाबासाहेबांनी निघायचं सांगितलं होतं, कुठं जायचं ते अजून सांगितलं नव्हतं. ते सांगायला १४ ऑक्टोबर १९५६ यावं लागलं. येवला ते नागपूर एकवीस वर्षं आणि एक दिवस.

दोस्तांनो, आपण १९३५ म्हणतो आणि लगेच १९५६ म्हणतो. पोस्टरवर दोन्ही शेजारी छापतो. मधली एकवीस वर्षं आपल्या आज्या-पणज्या कुठं राहिल्या? उंबऱ्यावर राहिल्या. मागचं घर सोडलेलं, पुढचं बांधलेलं नाही. गावातला सवर्ण म्हणतो, तुम्ही आता आमचे नाही, मग पाटीलकीची भाकर का मागता? मेलेलं ढोर ओढायचं सोडलं म्हणून बलुतं बंद. देव्हाऱ्यातला देव फेकायचा की ठेवायचा, कुणी सांगत नाही. आजीच्या आईनं ठेवला म्हणे, पण दिवा बंद केला.

आजीचा बाप १९५३ ला वारला. नागपूर व्हायच्या आधी तीन वर्षं. आजी तेव्हा नऊ-दहा वर्षांची. ती सांगते, जीव गेल्यावर भावकीतल्या म्हाताऱ्यानं तुळशीचं पान आणलं तोंडात घालायला. आजीची आई आडवी झाली. 'त्यो सांगून गेलाय, न्हाई म्हनून.' म्हातारा म्हणाला, मग काय घालू? कुणालाच उत्तर येईना. बुद्धाचं नाव अजून घरात आलेलं नव्हतं. घटकाभर तसंच. मग पाणी घातलं. नुसतं पाणी.

तो कोण म्हणून मेला? मी या प्रश्नावर चार कविता फाडल्यात. हिंदू म्हणून मेला नाही, हे नक्की, आजीच्या आईनं मरू दिलं नाही. बौद्ध म्हणून मेला म्हणावं तर दीक्षा नाही. येवल्यात बघण्यासारखं काय आहे म्हणून कुणी विचारलं तर मी हे सांगतो. आणि हे दिसत नाही, ही अडचण आहे.

आता आपल्यातलंच भांडण. आपल्या काही कार्यकर्त्यांचं म्हणणं की मुक्तिभूमी पर्यटनाच्या यादीत जोरात घुसवा. निधी येईल, हॉटेल निघेल, आपल्या पोरांना धंदा मिळेल. २०२७ ला नाशिक-त्र्यंबकचा सिंहस्थ आहे, लाखोंनी माणूस येणार, घाट-रस्ते होणार, यादी लाखोंनी छापली जाणार, त्यात आपण का नको? दुसऱ्यांचं म्हणणं, आपली भूमी म्हणजे पिकनिक स्पॉट आहे काय? सेल्फी काढणाऱ्यांची जत्रा नको.

मला दोघांचंही अर्धं पटतं आणि अर्धं पटत नाही. धंद्याला नाक मुरडणारे बहुतेक पगारी आहेत, असं माझं निरीक्षण आहे. येवल्यातला आपला पोरगा चौफुलीवर चहा विकून घर चालवणार असेल तर त्याला पर्यटक पाहिजे, आणि पाहिजेच. पण नुसतं यादीत घुसून काय होतं ते आपण त्रिरश्मीला बघितलंय. यादीत आहे की ते! पहिल्या सहात आहे. पण दुसऱ्याच्या नावानं. सांगणारा आपला नसेल तर जागा आपली असून काय उपयोग? उद्या मुक्तिभूमीला रिक्षावाला म्हणेल, इथं आंबेडकरांचं मंदिर आहे, चपला बाहेर काढा, वीस मिनिटं. आणि आपलीच माणसं नारळ घेऊन येतील. हसू नका, सुरुवात झालीय. मी स्वतः तिथं एका बाईला पुतळ्यापुढं पोराचा जावळाचा नवस बोलताना ऐकलंय. तिच्यावर रागवायचं नाही. तिला कुणी सांगितलेलंच नाही की इथं नवस संपले होते.

म्हणून माझं म्हणणं हे. पुतळा आणखी उंच करण्याआधी सांगणारे तयार करा. येवला, मनमाड, नांदगावची दहावी-बारावी झालेली बेकार पोरं-पोरी आहेत. त्यांना काळारामापासून त्रिरश्मी, अनकाई, येवला असा एक रस्ता पाठ करू द्या, पोथीसारखा नाही, हिशेबासकट. रिक्षावाल्याशी भांडण नको, त्याच्याच रिक्षात बसून त्याला सांगा. तोही बहुतेक आपल्यातलाच किंवा आपल्यासारखाच निघेल. त्रिरश्मीच्या पायथ्याला 'पांडवलेणी' लिहिलेल्या प्रत्येक दुकानदाराला जाऊन भेटा. दगडफेक नको, पाटी रंगवायला आपणच जाऊ, रंग आपला.

आणि दुसरं काम घाईचं आहे. १९३५ ला येवल्यात बसलेला माणूस आता जिवंत सापडणं अवघड. पण त्यांच्या पोरी-सुना अजून आहेत, आमच्या आजीसारख्या, ऐंशीच्या पुढच्या. त्या गेल्या की ते दहा हजार म्हणजे नुसता आकडा राहील. स्टेजवरच्यांची नावं पुस्तकात आहेत. मागं बसून ज्यांना ऐकू येत नव्हतं त्यांची नाहीत.

येत्या १२ ऑक्टोबरला आम्ही काही जण अनकाई स्टेशनवरनं संध्याकाळी निघणार आणि रात्रभर येवल्यापर्यंत चालणार. बिहारी दोस्त येतोय, त्यानं पाळी बदलून घेतलीय. झेंडा, डीजे, बॅनर काही नाही. ज्याला यायचं त्यानं भाकरी आणि बॅटरी घेऊन यावं. आणि घरी म्हातारी बाई असेल तर तिला आजच्या आज विचारून या अंकाच्या पत्त्यावर एका कार्डावर लिहून पाठवा: येवल्याला घरातलं कोण गेलं होतं, गाव कुठलं, बरोबर कोण, चालत की गाडीनं. परत आल्यावर देव्हाऱ्याचं काय केलं. आणि त्या एकवीस वर्षांत घरात कुणी वारलं असेल, तर त्याच्या तोंडात काय घातलं.